बाग म्हणजे मोकळा भूखंड नव्हे

मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाला लागून पन्नास-एक एकरांची बाग आहे. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लोकांच्या तोंडी राणीची बाग. मुंबईकर शहराबाहेरून आलेल्या पाहुण्याला ती दाखवायला नेतो तेव्हा दाखवण्याजोग्या गोष्टींची यादी साधारण ठरलेली असते: वाघ, पाणघोडा, अलीकडे पेंग्विन, वेळ उरला तर डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती. या यादीत झाडे नसतात. ज्यांच्यासाठी ही जागा मुळात राखली गेली ती झाडे पाहणाऱ्याच्या लेखी बाकीच्या गोष्टींमधून जाताना लागणारी सावली असते. हे दुर्लक्ष आपोआप घडलेले नाही. राणीच्या बागेचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास ओळीने मांडला तर एक सवय ठळकपणे दिसते. जिथे भिंती आणि छप्पर नाही ती जागा रिकामी, असे हे शहर धरून चालते, आणि जागेची निकड भासली की त्याची नजर बागेकडे वळते. या समजुतीने एक बाग आधीच गिळली आहे. दुसरी वाचवायची असेल तर ही समजूत तपासून पाहणे भाग आहे.

गिळलेली बाग होती शिवडीला. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेला १८३०च्या दशकात शिवडीत जमीन मिळाली आणि तिथे वनस्पती उद्यान उभे राहिले. परदेशी आणि देशी झाडे लावून पाहणे, कोणती पिके आणि फळझाडे या हवेत तग धरतात याची पारख करणे, हा अशा संस्थांचा उद्योग. पुढे वाढत्या शहराला युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी गावाबाहेर जागा हवी झाली. जुनी दफनभूमी गिरगावच्या सोनापुरात होती आणि तिच्याभोवती वस्ती दाटली होती. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ च्या सुमारास, शिवडीच्या त्या उद्यानाची जमीन दफनभूमी झाली. तीच आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. बागेला त्याआधीच, १८६१ मध्ये, माझगावच्या माउंट इस्टेट नावाच्या तेहेतीस एकरांवर हलवले होते. दफनभूमीची गरज खरी होती, यात शंका नाही. पण तीस वर्षे जोपासलेल्या झाडांचा पर्याय दुसरीकडची मोकळी जमीन असू शकतो, हे गृहीत धरूनच तो निर्णय झाला. जमीन बदलून देता येते. झाडाचे गेलेले वय बदलून देता येत नाही. राणीच्या बागेचा जन्मच या गृहीतकातून झालेला आहे.

तरीही माउंट इस्टेटवर, म्हणजे आजच्या भायखळ्याला, बागेची जी मांडणी झाली ती विचारपूर्वक होती, आणि माझ्या म्हणण्याचा पहिला मोठा पुरावा तिथेच सापडतो. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आजची राणीची बाग, लोकांसाठी खुली केली. त्याच दिवशी बागेत नव्या संग्रहालयाची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, पायाभरणी झाली. बाग आणि संग्रहालय ही जोडी योगायोगाने जमलेली नव्हती. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातली धान्ये, तंतू, लाकडे, तेले आणि कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या होत्या. तो संग्रह फोर्टातल्या बराकींत ठेवलेला होता आणि १८५७च्या धामधुमीत तिथून बाहेर फेकला गेला. तो पुन्हा उभा करणारे डॉ. जॉर्ज बर्डवुड ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य उत्पादनांची सूची त्यांनी सिद्ध केली. त्यांच्यासोबत झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड त्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावर उपयोग होतो का, हे त्यांनी रोग्यांवर उपचार करून पाहिले होते. या कामाला जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या शहरातल्या धुरिणांचे पाठबळ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजही भायखळ्यालाच. वनस्पतीपासून काय काय मिळते हे इमारतीत मांडायचे आणि ती वनस्पती बाहेर जमिनीत वाढताना दाखवायची, अशी ही योजना होती. संग्रहालयाला बाग हवी होती आणि बागेला संग्रहालय. म्हणून संग्रहालयाची भर बागेचे मोल वाढवणारी ठरली. १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून मुंबईचे पेढीवाले बुडाले, काम रखडले, आणि संग्रहालय उघडायला २ मे १८७२ उजाडले. पण मूळ कल्पना टिकली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. राणीचे नाव, गव्हर्नरीणबाईंच्या हस्ते उद्घाटन, ग्रीक धाटणीचा मंडप, कमानी, ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा: हा सगळा साम्राज्याचा थाट आहे. त्याची आपण का पत्रास ठेवावी? याचे उत्तर बागेच्या पुढच्या पन्नास वर्षांत आहे. बाग सुरू झाली तेव्हा भायखळा हे युरोपीयांच्या बंगल्यांचे उपनगर होते. तिथे त्यांचा क्लब होता, घोड्यांच्या शर्यतीही तिथेच होत. पण १८५०च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ हा पट्टा धुराड्यांनी आणि चाळींनी भरला. साहेब लोक मलबार हिलकडे सरकले, १८८३ मध्ये शर्यतीचे मैदानही महालक्ष्मीला गेले. बाग मात्र होती तिथेच राहिली. १८७२च्या कायद्याने मुंबईला नवी महापालिका मिळाली आणि १८७३ मध्ये बागेची जबाबदारी तिच्याकडे आली. म्हणजे संस्थेची बाग शहराची झाली, आणि ज्या शहराची झाली त्यात कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार मोठ्या संख्येने होता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह दिवसभर बसता येईल अशी सावलीची जागा त्या भागात दुसरी कुठली होती? थाट ज्यांच्यासाठी केला ते निघून गेले आणि झाडांखाली गिरणगाव बसले. बाग कोणी उघडली याला महत्त्व आहेच, पण ती पुढे कोणी वापरली आणि कोणाच्या कराच्या पैशावर जगली, याला अधिक आहे. त्या हिशेबाने ही बाग पुरती मुंबईकरांची आहे.

१८९० मध्ये बागेला आणखी पंधरा एकर जोडून तिथे प्राणी ठेवण्याची सोय झाली. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज जो भाग बागेची ओळख होऊन बसला आहे तो बागेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला, आणि आला तो नवी जमीन घेऊन. त्या काळच्या पालिकेने जुनी झाडे हटवून पिंजरे मांडले नाहीत, बागेची हद्द वाढवली. ही शिस्त पुढे सुटली. विसाव्या शतकात बागेच्या पोटात एकामागून एक गोष्टी येऊन पडत गेल्या. घारापुरीचा दगडी हत्ती १८१४ मध्ये मान तुटून ढासळला होता. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत यारीवरून पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले गेले आणि १९१४ मध्ये जुळवून पुन्हा उभे केले गेले. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये रस्त्यांवरचे इंग्रजी पुतळे हटवले तेव्हा फोर्टातला प्रसिद्ध ‘काळा घोडा’, म्हणजे घोड्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स, इथे आला. खंडेराव गायकवाडांनी दिलेला आणि दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही इथेच आहे. घरातली टाकवत नाही आणि दिवाणखान्यात शोभतही नाही अशी वस्तू माळ्यावर जावी, तसे शहराने या बागेला वापरले. यातली एकेक वस्तू मोलाची आहे. दगडी हत्ती तर मुंबईच्या प्राचीन शिल्पांतला ठेवा आहे, आणि तो इथे सुरक्षित राहिला हे चांगलेच झाले. माझा मुद्दा वस्तूंच्या किमतीचा नाही, त्या इथे आणण्यामागच्या विचाराचा आहे. दरवेळी प्रश्न एकच होता: जागा कुठे आहे? आणि उत्तरही एकच: राणीच्या बागेत आहे.

ती जागा रिकामी नव्हती हे समजायला झाडांपाशी थांबावे लागते. कैलासपतीचे झाड घ्या. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत. थेट खोडातून लोंबते देठ फुटतात आणि त्यांवर लालसर, जाड पाकळ्यांची, दूरवर वास सोडणारी फुले उमलतात. फुलाच्या मध्ये पुंकेसरांचा एक पट्टा वळून बीजकोशावर झुकलेला असतो. पाहणाऱ्याला पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखे वाटते, म्हणून आपल्याकडे त्याला शंकराचे नाव मिळाले. पुढे त्याच देठांवर तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळे धरतात. उर्वशीचे झाड त्याहून दुर्मीळ. ब्रह्मदेशात ते पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या नजरेस पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि रानात आपणहून वाढलेले ते फार थोड्या वेळा आढळले आहे. त्याची कोवळी पाने तपकिरी-गुलाबी, मलूल, चिंध्यांसारखी लोंबतात आणि मग हळूहळू ताठ होऊन हिरवी होतात. लाल फुलांचे घोस खाली झुकलेले असतात, पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. या झाडाला बी क्वचितच धरते, म्हणून नवे रोप करायचे तर बहुधा गुटी बांधावी लागते. याखेरीज बुंध्याचा घेर पाहून माणूस थबकतो अशी आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, कृष्णवड आहे, सीतेचा अशोक आहे, नाना जातींचे ताड-माड आहेत. नागरिकांनी आणि अभ्यासकांनी केलेल्या मोजणीत इथे तीन हजारांच्या वर झाडे आणि त्यांच्या पावणेतीनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. एवढ्या थोड्या जमिनीवर, भर शहरात, इतकी विविधता आणि इतकी जुनी झाडे मुंबईत दुसरीकडे नाहीत. संग्रहालयातल्या वस्तूंची जशी नोंदवही असते तशीच ही नोंद आहे, फक्त इथल्या वस्तू जिवंत आहेत.

यावर दुसरा आक्षेप असा, की ही झाडे परकी आहेत. आफ्रिकेची, ब्रह्मदेशाची, अमेरिकेची झाडे जपण्यापेक्षा सह्याद्रीतली देशी झाडे लावावीत. रस्त्याच्या कडेला, डोंगरउतारावर, वनीकरणात देशी झाडेच लावावीत हे मला शंभर टक्के मान्य आहे. तिथे झाडाला इथल्या पाखरांशी, किड्यांशी, पावसाशी नाते सांगावे लागते. पण वनस्पती उद्यानाचे काम वेगळे आहे. दूरदेशीची झाडे एका ठिकाणी आणून ती पाहता, ताडता, अभ्यासता यावीत यासाठीच ते असते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका सकाळी चार खंडांतली कुळे शेजारी शेजारी दाखवता येतात ती अशाच जागी. शिवाय ज्या देशात एखादे झाड उगवले तिथले रान तुटत चालले की दुसरीकडच्या बागेतला त्याचा नमुना हा जातीचा विमा ठरतो. उर्वशीसारख्या झाडाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. आणि देशी-परदेशी हा निकष लावून जुने झाड काढायचे असेल, तर ज्या प्राण्यासाठी ते काढायचे तोही याच निकषाने पारखावा लागेल.

हे प्रश्न कागदी नाहीत, हे २००७ मध्ये दिसून आले. महापालिकेने प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा पुढे आणला. खर्चाचा अंदाज चारशे कोटींच्या वर होता आणि रचना परदेशी धर्तीच्या पर्यटनस्थळाची होती. बागेत रोज येणाऱ्या, झाडे ओळखणाऱ्या काही नागरिकांनी, त्यांत पुढाकार महिलांचा, ‘सेव्ह राणी बाग’ या नावाने कृती समिती उभारली. त्यांनी घोषणांवर भर दिला नाही. झाडे मोजली, जाती ओळखल्या, नोंदी केल्या, बाग वारसास्थळांच्या यादीत आहे हे दाखवून दिले आणि वारसा समितीपुढे बाजू मांडली. मूळ आराखडा मागे पडला. लढाईचे हे स्वरूप मला फार बोलके वाटते. आराखडा करणाऱ्यांच्या नकाशावर जो हिरवा रंग नुसता भरलेला होता तिथे या लोकांनी एकेका झाडाचे नाव लिहिले. नाव लिहिल्याबरोबर ती जागा रिकामी उरली नाही. २०१२ मध्ये बागेला दीडशे वर्षे झाली तेव्हा तिच्या इतिहासावर आणि वनस्पतींवर ग्रंथ निघाला तोही याच प्रयत्नांतून.

पुढे २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये त्यांचे थंडगार दालन लोकांसाठी उघडले. इथे तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. लोक प्राणी पाहायलाच येतात. पेंग्विन आल्यावर गर्दी वाढली, पालिकेचे उत्पन्न वाढले. नुसत्या झाडांवर बाग चालली असती का? प्रामाणिक उत्तर असे, की प्राण्यांनी या बागेला पिढ्यान् पिढ्यांचे प्रेम मिळवून दिले हे खरे आहे. लालबाग-परळच्या मुलाने आयुष्यातला पहिला हत्ती इथेच पाहिला असेल, आणि ते मोल कमी लेखणे उद्दामपणाचे होईल. प्राणिसंग्रहालय काढून टाका असे माझे म्हणणे नाही. पण गर्दी हा बाग चांगली चालल्याचा पुरावा मानला तर गर्दी खेचणारी दर नवी गोष्ट समर्थनीय ठरते आणि जमीन तेवढीच राहते. शिवाय गर्दीच्या आकड्यात न दिसणारे काम झाडे रोज करतात. भायखळा, नागपाडा, मदनपुरा या दाट वस्त्यांत सावलीचा, गारव्याचा, मोकळ्या श्वासाचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. त्याला तिकीट लावता येत नाही म्हणून तो हिशेबात धरला जात नाही, इतकेच.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर तोही या युक्तिवादाचा भाग आहे. २०१७ पर्यंत मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये लागत. पेंग्विन आल्यावर दर मोठ्यांना पन्नास आणि चौघांच्या कुटुंबाला शंभर झाला. देखभालीला पैसा लागतो, आणि पेंग्विनांच्या पाण्याचे तापमान राखायला तर फारच लागतो, हे पालिकेचे म्हणणे रास्त आहे. पण ज्याला फक्त झाडाखाली तासभर बसायचे आहे त्याने पेंग्विनांची वीज का भरावी? झाडे, हिरवळ आणि बाके यांचा भाग नाममात्र दरात किंवा मोफत ठेवून प्राण्यांच्या दालनांना वेगळे तिकीट लावणे अवघड नाही. यातला फरक रुपयांपुरता नाही. एकाच दाराला शो पाहण्याचा दर लावला की बाग ही नागरिकाच्या रोजच्या वापराची जागा न राहता वर्षातून एकदा जाण्याचे ठिकाण होते. आणि जिथे लोक वर्षातून एकदा जातात तिथले झाड कधी गेले हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २००७ मध्ये बाग वाचली ती रोज येणाऱ्यांमुळे, हे विसरून चालणार नाही.

मग बागेत काही नवे करायचेच नाही का? जरूर करायचे. इतिहासच त्यासाठी कसोटी पुरवतो. १८६२च्या संग्रहालयाला त्या झाडांची गरज होती. १८९०च्या प्राणिसंग्रहालयाने स्वतःची जमीन सोबत आणली. नंतरच्या बहुतेक गोष्टींना फक्त जागा हवी होती, झाडे असली काय अन् नसली काय. म्हणून कोणतीही नवी योजना आली की तिला एकच प्रश्न विचारावा: हिला बाग हवी आहे, की बागेखालची जमीन? झाडांच्या मराठी नावांच्या पाट्या, फुलोऱ्याच्या हंगामाप्रमाणे आखलेल्या पायवाटा, शाळांसाठी जाणकार मार्गदर्शक, दुर्मीळ झाडांच्या गुटी बांधून त्यांचे वारस वाढवणारी रोपवाटिका, संग्रहालयातल्या वस्तू आणि बाहेरची झाडे यांची पुन्हा घातलेली सांगड: या साऱ्यांना बाग हवी आहे. वाहनतळ, उपाहारगृहे, नव्या बंदिस्त इमारती यांना जमीन हवी आहे, आणि ती मुंबईत इतरत्र शोधणे हे पालिकेचे काम आहे. यापुढचा प्रत्येक आराखडा झाडांच्या नकाशापासून सुरू व्हावा. त्यावर प्रत्येक झाडाचे नाव आणि ढोबळ वय असावे, आणि एखादे झाड हलवायचे किंवा तोडायचे असेल तर त्याचे कारण जाहीरपणे मांडले जावे. शिवडीची बाग गेली तेव्हा अशी नोंद मागणारा नागरिक नव्हता आणि त्याचे ऐकून घेणारी महापालिकाही नव्हती. आज दोन्ही आहेत, आणि म्हणून आजच्या निर्णयाची जबाबदारी १८६१ पेक्षा पुष्कळ मोठी आहे.